जात : इतर

गगनबावड्याला, घाट सुरू होतो त्या तोंडाशी
बनगरांचा कळप टेकला होता,
पट्टणकोडोलीची जत्रा उरकून कोकणात निघालेला.
मेंढरं मोजून झाली, चारशे अकरा.
कुत्री तीन.
कोंबड्या डालग्यात होत्या, त्या मोजू देईनात.
मग घोडी.

टॅबवर रकाना उघडला : जात.
खाली यादी. काठेवाडी, मारवाडी, आणखी दोन-चार,
ज्यांची मान कॅलेंडरवर शोभते.
सगळ्यांत शेवटी : इतर.

लगमव्वाला विचारलं, हिची जात कंची?
म्हणाली, आमचीच की.

पाठ माझ्या खांद्यालाही लागत नव्हती.
रंग कुमेत, उन्हानं विटलेला.
पाय काटकुळे, पण नळीवरनं हात फिरवला
की कळतं आत काय भरलंय.
खूर काळे, जात्याच्या तळीसारखे.
वय बघायला ओठ उचलला
तर तिनं माझ्या खिशातला पेन घेतला.
चावला नाही, नुसता धरून ठेवला,
तलाठी सातबारा धरून ठेवतो तसा.

शनिवार पेठेत दिलावर नालबंद होते.
रंकाळ्याच्या टांग्यांना नाल मारून त्यांची पाठ वाकलेली.
ते सांगायचे :
मोठा घोडा गलबतातनं आला, अरबाचा, इराणचा.
घाट चढता चढता त्याची निम्मी मिजास खालीच राहिली.
वर भीमेच्या थडीला गावठी तट्टाशी सोयरीक जमली,
त्यातनं हे निघालं. बापाचा दम, आईचं पोट.
आईचं पोट म्हणजे?
म्हणजे मिळंल ते खाणारं, साहेब.
असल्याला नाल मारायला मला लाज वाटते.

जुन्या कागदांत नावाचे घोडे सापडतात, नावाच्या धन्यांखाली.
हे तट्टू फक्त आकड्यात येतं :
इतके हजार पडले,
इतके हजार दाणावैरणीवाचून मेले.
म्हणजे मोजणी तेव्हाही होती,
मेलेल्यांची.

लढाया संपल्या. उंच घोडी पागेत गेली.
ही गुळाच्या ढेपांखाली गेली,
वैदूच्या झोळ्यांखाली, तमाशाच्या पेट्यांखाली,
टांग्याला, वरातीला,
पन्हाळ्यावर पाहुण्यांची पोरं फिरवायला,
दहा मिनिटांचे शंभर रुपये.
हे येतं का तुला, असं कुणी विचारलं नाही.
येत होतं.

लगमव्वा लादायला लागली.
खोगीर, वाघरीची जाळी, जेनं, दोन पातेली,
सोलरची पाटी, रात्री जन्मलेली दोन कोकरं
आणि सगळ्यांच्या वर, लुगड्याच्या पट्टीनं बांधलेला नातू,
झोपेतच.
तंग आवळायला घेतला तशी घोडीनं छाती भरून वारा घेतला,
पोट टम्म.
लगमव्वा थांबली. कमरेचं पान काढलं, चुना लावला,
निवांत चघळलं.
मग गुडघ्यानं हलकेच ढोसून म्हणाली,
सोड वारा, भवाने.
तिनं सोडला. तंग दोन बोटं आत गेला.
दोघींच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

पहिल्या दोन वळणांपर्यंत मीही चाललो,
फॉर्म पाठवायला रेंज नव्हती, एवढंच निमित्त.
उसाचा ट्रक कानाशी भोंगा वाजवून गेला,
तिचा एक कान हलला.
तिसऱ्या वळणाला मात्र थांबली.
पाणी नाही, सावली नाही, गवताची काडी नाही.
कळप आपोआप थांबला, म्हातारा सिद्धाप्पा काठीवर टेकला.
काय झालं?
दरसाल हितंच थांबती.
का?
तिला इचारा, म्हणाला, तुमच्याकडं यंत्र हाय.

मग निघाली, तिच्या मनानं.
घुंगरू दोन वळणं ऐकू आलं,
मग धुकं, मग नुसता ओल्या लोकरीचा वास.

रेंज आली तेव्हा स्टँडवर चहा पीत होतो.
जात : इतर. दाबलं.
खाली शेऱ्याची जागा असते, पन्नास अक्षरांची,
कुणी भरत नाही.
मी लिहिलं :
तंग आवळताना पोट फुगवते.