गळती

तीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात
माझं काम एकच: थेंब शोधणं.
फ्लँज, व्हॉल्व्ह, सांधा, बोटानं चाचपायचा,
चिंधी फिरवायची, हुंगायची.
म्हणून ढब्बू घरी आला
तेव्हा मला वाटलं, दुरुस्त होईल.

कोपरखैरण्याचं बैठं घर, दोन खोल्या,
त्यात साठ किलोंचा मास्टिफ.
पाणी पितो आणि मान झटकतो.
भिंतीवर, वीजबिलावर,
शालनच्या भाकरीच्या पिठावर
लाळ.
पाहुणे विचारायचे, उपाशी ठेवता का?
शेजारचे तांडेल फाटकाबाहेरूनच म्हणाले,
पिसाळलाय बहुतेक.

सुरवाडे डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ
दोन बोटांनी उचलून दाखवला,
ओल्या गोधडीचा काठ उचलावा तसा.
"लाळ सगळ्यांनाच सुटते, काका.
बाकीचे गिळून टाकतात.
याचा ओठ सैल, साठतं आणि सांडतं.
घडणच तशी."

घडणच तशी.
म्हणजे वॉशर बदलायचा नाही.
तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग फडकं घेऊन बसायला शिकलो.
सकाळची पातळ, पाण्यासारखी.
बांगडा तळताना तार,
हनुवटीपासून थेट फरशीपर्यंत.
रिक्षात बसला की फेस.
मे महिन्यात जीभ बाहेर, लाळ चिकट:
तेव्हा सावली, पाणी, पोटाला ओला टॉवेल,
बाकी सगळं नंतर.

एका मंगळवारी फडकं वेगळं निघालं.
फक्त डावीकडे. दाट. किंचित गुलाबी.
आणि वास, वर्षभर न धुतलेल्या टाकीचा.
ताटलीकडे नुसता बघत राहिला.
शालन म्हणाली, लाळ तर रोजचीच आहे.
म्हटलं, रोजची नाही ही.

मागची दाढ फुटली होती.
कधी, कशावर, तो सांगेना.
मीही फार विचारलं नाही.
कॉम्प्रेसरपाशी गेलेल्या माझ्या उजव्या कानाचं
मी तरी कुणाला सांगितलं होतं?

आता दाढ नाही. लाळ आहे,
दोन्हीकडून सारखी.
शालननं माझ्या जुन्या निळ्या डांगरीची
चार लाळेरी शिवली.
एकावर खिशासकट नाव आलं:
ह. बा. सोनटक्के, देखभाल विभाग.
ते गळ्यात बांधून तो दारात बसतो,
मी शेजारी, खांद्यावर फडकं.
तांडेल जाता-येता हाक मारतात,
"काय सोनटक्के, ड्यूटीवर?"
आम्ही दोघंही मान वर करतो.