म्हणत, म्हणतात

फेरो बेटांवर डिसेंबरात
दुपारी तीनलाच दिवेलागण होते.
मग माणसं करणार काय?
कोणी लोकर विणतं,
कोणी विश्वकोश लिहितं, फुकट,
बारा जणांत एका भाषेचा अख्खा संसार.

'सूलन' नावाच्या बोटीवरचा लेख
तेवीस ओळींचा.
लांबी, रुंदी, इंजिनाची ताकद,
कुठल्या गोदीत बांधली, कधी मोडीत निघाली.
आणि अठराव्या ओळीत कोणीतरी लिहून ठेवलेलं :
हे डबडं एकोणतीस वर्षं धावलं.

त्यांचा शब्द निराळा.
माझ्या जिभेवरून तो घसरतो,
म्हणून मी आपलं डबडं म्हणते.
अर्थ तोच : गंजलेलं, आणि आपलं.

ट्रोंदुर शाळेत व्याकरण शिकवायचा.
त्याने शब्द काढला, जागी घातलं
सदर प्रवासी नौका.
कारण दिलं : विश्वकोश म्हणजे धक्क्यावरचा कट्टा नव्हे.

रान्वाने परत घातला.
कारण : सदर प्रवासी नौकेत
कोणी कधी ओकलेलं नाही.

त्याने काढला. तिने घातला.
हान्नुस मध्ये पडला, 'वृद्ध जलयान' सुचवलं,
आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.
कोणी विचारलं, संदर्भ आहे का?
कुठल्या छापील पुस्तकात तिला डबडं म्हटलंय?
नव्हतं म्हटलेलं.
छापणाऱ्यांना ती भेटली होती एकदाच,
उद्घाटनाच्या दिवशी, फीत बांधलेली.

मौज अशी की टोपणनावांआडून भांडणारे हे सगळे
एकाच दुकानात बटाटे घेत.
तराजूपाशी ट्रोंदुर म्हणे, वारा आहे.
रान्वा म्हणे, आहे खरा.
आणि घरी जाऊन पुन्हा
ओळ अठरा.

फेब्रुवारीत माल्विनाने लिहिलं. वय एक्क्याऐंशी,
एका बोटाने टंकलेलं, चुकांसकट :
माझा धाकटा या बोटीत झाला.
भर समुद्रात, टपालाच्या पोत्यांवर,
बाजूला दोन मेंढ्या.
कप्तान देवाचं नाव घेत नव्हता,
सारखा ओरडत होता, चल रे डबड्या, चल.
आणि ते चाललं.
हा संदर्भ धरायचा की नाही
तुमचं तुम्ही बघा.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे,
हे उत्तर ट्रोंदुरलाच लिहावं लागलं.
एका वाक्याच्या त्याने सहा आवृत्त्या केल्या.
जुन्या नोंदींत त्या अजून दिसतात,
प्रत्येकीत 'क्षमस्व'
थोडंसं सरकलेलं.

शेवटी तडजोड :
स्थानिक लोक तिला "डबडं" म्हणत.
शब्द राहिला, पण अवतरणचिन्हांच्या चिमट्यात,
मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा.
रान्वा चिडली, मग दमली.
मे लागला होता, मेंढ्या वीत होत्या,
तिलाही कामं होती.

मग एका पहाटे, तीन वाजून चाळीस मिनिटांनी,
कोणीतरी एकच अक्षर वाढवलं.
म्हणत चं झालं म्हणतात.

नाव नाही. कारण नाही.
बोट मोडीत निघून बावीस वर्षं झालेली,
तिच्या पत्र्याच्या एव्हाना
कुठेतरी सायकली झाल्या असतील.
व्याकरणाने पाहिलं तर सपशेल चूक.

ट्रोंदुर जागाच होता.
बदल पूर्ववत करायला एक कळ पुरते,
बोट तिच्यावर ठेवून तो बसून राहिला,
बाहेर उजाडत गेलं.

मग उठला, चहा ठेवला.
किटली जुनी, बूड काळं,
उकळायला मुलखाचा वेळ लावणारी.
तिला तो काय म्हणाला,
त्याला संदर्भ नाही.