धरून ठेवणारं पाणी

राजारामपुरीत, लॅबच्या मागच्या खोलीत,
मी काचेवर निळा रंग ओतते.
अल्शियन निळा. अर्धा तास. मग नळाखाली.
चिठ्ठीवर लिहिलंय : वय सव्वीस, आठवडे सात, तिसरी वेळ.
नाव वाचायचं नाही असं ठरवलेलं,
आज वाचलं. वर्षाराणी चौगुले, वडणगे.

वडणग्यातच आमचं गुऱ्हाळ होतं.
गुंडातात्या गुळव्या भेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवायचा,
मी कोपरापर्यंत हात घालायचे
आणि पाणी हात सोडायचं नाही.
‘साखरच हाय ती बी,’ तात्या म्हणायचा,
‘पन गोड न्हवं. धरनारी.’

भिंगाखाली तीच साखर.
प्रथिनाच्या देठाला फुटलेल्या लांबच लांब साखळ्या,
पाणी पिऊन फुगलेल्या.
सुईच्या टोकाएवढा पाव्हणा यायचा असतो,
त्याच्या आधी कूस हे सगळं अंथरून ठेवते.
व्हर्सिकन जागा सैल करतं,
पर्लेकन उंबऱ्यात हात देतं,
आणि डेकोरिन, ते तात्यासारखं,
काहिलीपाशी उभं राहून नेमक्या घडीला म्हणणारं :
बास. ह्याच्या म्होरं न्हाई.
एक कढ जास्त झाला तर करपतं,
कमी पडला तर ढेप बसत नाही.

बाहेर बाकावर तिची सासू,
शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू :
‘हिचं प्वाटच धरंना बगा.’

आपल्या भाषेत दिवस गेले म्हणजेही राहिले,
आणि दिवस राहिले म्हणजेही तेच.
न राहिलेल्यांना शब्द शोधावा लागतो.

मुजावर मॅडम भिंगातून बघतात, लिहितात :
कारण स्पष्ट नाही.
खरंच आहे ते. मलाही कारण दिसत नाही.
पण निळं दिसतं.
कडेपासून कडेपर्यंत, दाट, ओलं,
कुणी रात्रभर जागून घातलेल्या अंथरुणासारखं.
वर्षाराणी, तू घातलं होतंस गं.
हे रिपोर्टात कुठल्या रकान्यात लिहितात
मला माहीत नाही,
आणि टेक्निशियननं पेशंटशी बोलायचं नसतं.

काच डब्यात ठेवली. हात धुतले, दोनदा.
संध्याकाळी कपिलतीर्थावर मेथीची जुडी घेताना
भाजीवाली माझ्या नखांकडे बघत म्हणाली,
‘शाई सांडली व्हय?’
मी म्हटलं, हो.
आणि खाली टोपलीत भेंडी होती,
कोवळी, अर्धा किलो
तीही घेतली.