डिसेंबरातला कूलर

मीटरचा फोटो घ्यायला आलेला पोरगा
मफलरातून विचारतो,
काहून जी ताई, थंडीत कूलर?

तोंड भिंतीकडे फिरवलेलं, टाकीत पाणी नाही,
नुसता पंखा, नुसती घरघर.
त्याशिवाय सुगत झोपत नाही.
मी म्हणते, ओले कपडे वाळवते.
खरं सांगायला दहा मिनिटं लागतात
आणि त्याची अजून चाळीस घरं बाकी.

फोनवर आवाज भरून पाहिला, युनिट वाचवायला.
दोन मिनिटं ऐकून तो उठला,
कूलरच्या टिनावर तळहात ठेवून उभा राहिला.
आवाज पुरत नाही त्याला, थरथर लागते.
राजरतनने मग पात्याला एक नट जास्तीचा लावला.
तो असल्याच टिनाच्या बॉड्या ठोकतो,
फेब्रुवारी ते मे.
चार महिन्यांच्या उन्हावर
आमचं बारा महिन्यांचं घर.

मी पतसंस्थेत खातेवह्या लिहायचे, नंदनवनच्या शाखेत.
पै चुकली तर रात्री आठपर्यंत बसायचे.
सहा वर्षांपूर्वी टेबल सोडलं.
दरमहा साडेअकरा हजार, जे आले नाहीत,
ते कोणत्या बाजूला मांडतात
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
नणंद म्हणते, तू तं घरीच राह्यते.

धंतोलीत स्पीच थेरपीचे सहाशे.
पंचेचाळीस मिनिटं; त्यातली शेवटची पाच
मला घरचा अभ्यास सांगण्यात जातात.
ऑटोचे जाऊन-येऊन एकशे साठ.
अजनी पुलावर हॉर्न वाजले, तो किंचाळला,
तर ऑटोवाला मध्येच उतरवतो
आणि पैसे पूर्ण घेतो.
एकाने एकदा घेतलेच नाहीत.
ते कुठे लिहायचे, तेही कळलं नाही.

मेडिकलला तीन खेपा, तीन खिडक्या.
कार्डावर आलं: पासष्ट टक्के.
बाकावर बसून मी उरलेले पस्तीस मोजले.
आमच्या मॅट्रिकला तेवढ्यात पास करत.

चौदा महिन्यांनी तो म्हणाला, पाणी.
मैत्री धावत जाऊन तीन पेले भरून आली.
त्याने एकही घेतला नाही.
रात्री सवयीने वही काढली:
एक्क्याण्णव हजार दोनशे, भागिले एक.
इतवारीच्या सराफ्यात काटा लावून विकतात
ते सगळं त्यापुढे स्वस्त वाटलं.

मैत्रीचं पान कोरंच असतं.
ती मागत नाही. स्केटिंग, सहल, काहीच नाही.
न मागितलेल्याची बेरीज होत नसते,
तरी ती वाढते आहे, दिसते मला.

शेवटच्या पानावर एकच शब्द लिहिलाय, आमच्यानंतर.
खाली रकाने आखले.
पट्टी अजून तिथेच ठेवलेली आहे.

जानेवारीत तोच पोरगा, तोच मफलर.
काहून जी, अजून चालूच?
सुगत दारामागे, हात टिनावर.
फोटो काढून पोरगा गेला.
संध्याकाळी मी भात कालवताना
मागून आलं, घोगरं, लोकरीतून आल्यासारखं:
काहून.

थेरपीच्या मॅडम म्हणाल्या,
ऐकलेलंच परत म्हणतात ही मुलं,
जमेत धरू नका.
मी धरलं.
सत्त्याण्णव हजार दोनशे ऐंशी, भागिले दोन.
भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

आता दिवसभर तो विचारत असतो, काहून,
भाताला, भिंतीला, बंद दाराला,
कधी माझ्याकडे न बघता मला.
मी उठते, कूलर लावते.