पाणमांजर

मष्णूच्या गॅरेजात, उद्यमबागेला,
टायर कंपनीचं एक कॅलेंडर आहे.
साल सरून अकरा वर्षं झाली,
नोव्हेंबर अजून लोंबतोय.
त्यात ब्राझीलचं पाणथळ: लाल मातीचा रस्ता, लाकडी पूल,
खाली ओंडक्यांगत पसरलेल्या मगरी.
‘शंभरावर पूल हाईत म्हणे,’ स्पॅनर पुसत तो म्हणायचा,
‘एकदा तिथनं गाडी घालायची.’
पासपोर्टचे फोटो तेवढे काढून झाले.

मग या जानेवारीत
ओम्नीची मागची सीट काढली.
ताडपत्री, स्टोव्ह, भडंगाचा डबा,
आणि मेव्हण्याची दुर्बीण, एका डोळ्यानं आंधळी.
हत्तरगीचा टोल सुटला, पुढं उसाचे ट्रॅक्टर,
त्यांच्या मागं दुसऱ्या गिअरात
पूल मोजत गेलो.
पाच.
त्यातला एक नुसता मोरीचा पाइप,
मष्णूनं तोही धरला.

धुपदाळच्या बंधाऱ्यामागं
पाणी कुणाला न विचारता पसरलेलं.
बाभळी गुडघ्यापर्यंत आत.
चित्रबलाक उभे,
कुणाच्या तरी वरातीतला गुलाल
पाठीवर घेऊन, नवरानवरी विसरलेले.

रात्री बॅटरी घेऊन इराप्पा आला.
इथं झोपता येणार नाही, असं कन्नडात सांगितलं,
मग चहा घेतला,
मग भडंगाच्या डब्याशेजारी बसून राहिला.

बाराच्या सुमाराला पाणी हललं.
चपटं डोकं, ओल्या मिशा,
दोन्ही हातांत मासा धरून
डोक्याकडनं कुरुम कुरुम.
‘पाणमांजर,’ मष्णू पुटपुटला. ‘बघालंय बघ.’
‘नीरुनाई,’ इराप्पा म्हणाला. पाण्यातलं कुत्रं.
‘मांजर.’
‘नाई.’
‘मिशा बघा की हो!’
‘हल्लु नोडरी, दात!’
दोघांचा आवाज चढला तशी
मासा अर्धा टाकून ते बुडालं.
वर्तुळं तेवढी काठापर्यंत आली.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
इराप्पानं डब्यातली शेवटची मूठ
मष्णूपुढं धरली.

सकाळी चिखलात ठसे होते.
मांजराची बोटं चार उमटतात, कुत्र्याचीही चार.
ग्रीसनं काळं झालेलं नख टेकवत
मष्णूनं मोजली. परत मोजली.
शेजारी उकिडवा बसून इराप्पा:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,
आणि थांबला.
‘ऐदु?’ मीच विचारलं.
त्यानं मान हलवली, होय की नाही
ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

परतताना तोच रस्ता, तेच ट्रॅक्टर.
पूल सहा भरले.
मोरीचा पाइप या खेपेला
आम्ही धरलाच नव्हता.