तुमचा समुद्र कुठला

रात्री दोनला नळ खोकला
आणि दत्तनगरची सगळी गल्ली उठून बसली.
पाचव्या दिवसाचं पाणी.
मी पाईप पिंपात सोडून उभी,
अम्मा उंबऱ्यात, मांडीवर सूप,
झोप मोडलीच आहे तर पानं तरी कापू, म्हणून.
"मग? समुद्राचं राहिलं की तुझं."

येऊन तीन आठवडे झाले.
मी तुकड्यातुकड्यानं सांगतेय,
एक घागर भरेपर्यंत पुरेल एवढंच.

वूच नावाचं गाव. तिथंही गिरण्यांच्या चिमण्या,
धूर सोडायचं विसरलेल्या.
सहा महिने नव्या मागाचं शिक्षण,
पोलिश शब्द आले पंचवीस,
त्यातले अठरा सुट्या भागांचे.
एका शुक्रवारी हालिना म्हणाली, उद्या सोपोतला जाऊ, समुद्रावर.
नेर्मिननं तिकिटं काढली, थुईनं माझी पिशवी भरली,
आणि वरून मी कोंबल्या
तुझ्या पार्सलातल्या उरलेल्या सात कडक भाकऱ्या,
शेंगाचटणीची शेवटची पुडी.

अम्मा, आधी मला पत्राच वाटला.
शेडवरचा असतो ना, राखाडी, पन्हाळी पत्रा,
कुणीतरी आडवा टाकून ठेवलेला.
मग तो हलला.

"खारट असतंय म्हणतात."
चाखून बघितलं. नावापुरतं.
आपल्या बोअरचं जास्त खारट.
अम्मा हसली, कात्री थांबवून हसली.

तिघी धावत आत गेल्या. थुई तर पाठीवर पडून राहिली,
पाणी म्हणजे तिची खाटच.
मी गुडघ्याच्या वर गेले नाही.
इतकं पाणी,
आणि किनाऱ्यावर एकाच्याही हातात घागर नाही.
मला उगाच कुणाचा तरी नंबर चुकतोय असं वाटत राहिलं.

"दुसरं पिंप लाव."
लावलं.

दुपारी वाळूत बसून भाकरी मोडली.
दाताखाली कर्र वाजायचं
ते भाकरीचं की वाळूचं, कुणालाच कळेना.
नेर्मिनला चटणीचा ठसका लागला,
डोळे पुसत म्हणाली, अजून दे.
हालिनाला एक पिवळा खडा सापडला, तो तिनं मला दिला.
(तोच गं, तू बल्बसमोर धरून गुळाचा खडा म्हणालीस,
आणि दोऱ्याच्या डब्यात टाकलास.)

मग थुईनं विचारलं,
तुमचा समुद्र कुठला?
बंदरात वाढलेली पोरगी.
तिला वाटतं प्रत्येक गावाला एखादा असतोच,
पोस्टासारखा.

मी म्हटलं, आहे की. गावाच्या मधोमध.
आत एक देऊळ आहे.
लाटा येतात?
बारीक येतात.

कात्री बंद.
"तळ्याला समुद्र म्हणालीस?"
"हं."
"खोटं कशाला ते?"
काय की. तिघी ओल्याचिंब, कुडकुडत,
एकाच टॉवेलात शिरून माझ्याकडं बघत होत्या.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि सिद्धेश्वर बाहेर आला.

अम्मा काही बोलली नाही.
पंचवीसची एक जुडी होईल एवढी पानं कापली.
शेजारच्या यल्लूबाईंनी मोटर लावली,
आमची धार करंगळीएवढी झाली.

फोन थरथरला. तिकडं साडेदहा, थुई जागी.
"फोटो पाठवणार होतीस. तुझ्या समुद्राचा."
मी अम्माला वाचून दाखवलं
आणि पिंपावर वाकले.
काठोकाठ. त्यात बल्ब तरंगतोय,
तेंदूच्या पानाची एक चिरफळी.
निळ्या प्लास्टिकच्या कडा कापून टाकल्या,
पाठवला.

लगेच उत्तर. हेही वाचलं:
"छान आहे. पण लाटा कुठायत?"

अम्मानं सूप बाजूला ठेवलं,
गुडघ्यावर हात टेकून उठली,
आली,
पिंपाला सणसणीत एक चापट मारली.

"हं," म्हणाली, "आता काढ."