रे बेमोल

खालचा सोल वाजतच नाही.
उंदरांनी खाल्ला, म्हणते तिया एर्मेलिंद,
नाहीतर खाऱ्या वाऱ्याने, नाहीतर माझ्या नवऱ्याने, कोण जाणे.
दाबला की लाकडावर लाकूड आपटल्याचा
एक बहिरा ठोका. बस्स.

म्हणून पहिल्या दिवसापासून
माझ्या डाव्या हाताला सोल ठाऊक नाही.

मी म्हार्दोळहून येते, दर शनिवारी,
फोंड्याला बस बदलून, बोरीच्या पुलावरून.
वेर्ण्याला उतरते तेव्हा पिशवीत
तिच्यासाठी जायांचा गजरा असतो.
तो पियानोवर ठेवत ती म्हणते, "म्हार्दोळ आली."
माझे नाव तिने अजून विचारलेले नाही.

आज म्हणाली, मांड. सोल, सी, रे, फा.
मी मांडले, मधल्या सप्तकात, जिथे सोल अजून जिवंत आहे.
आता सोल सोड. रे सोड.
काय उरले?
सी आणि फा.
तेवढे दोन धरून ठेव,
चादरीची घडी घालताना समोरचा
दोन टोके धरून उभा राहतो ना, तसे.
आणि खाली ठेव रे बेमोल.

ठेवला.
खोलीतली खुर्ची कुणी न सरकवता सरकली.

मी बोटांवर माझ्या भाषेत पडताळा घेतला:
सोलला षड्ज म्हटले तर सी गंधार, फा कोमल निषाद.
रे बेमोलला म्हटले तर फा गंधार
आणि सी निषाद.
दोघे जागचे हललेही नाहीत
आणि एकमेकांच्या पाटावर जेवायला बसले.
नवा षड्ज कुठला? जुन्याचा तीव्र मध्यम.
याहून लांबचे घर सप्तकात नाही,
वरून मोजा की खालून.

अप्पा म्हणायचे, षड्ज म्हणजे देव्हारा,
तो हलवायचा नसतो.
तियेला मी हे सांगितले. ती हसली नाही.
"तुमची म्हाळसा मूळची कुठची गो?"
वेर्ण्याची.
"मग?"

मग काय. कुणीतरी तिला पोटाशी धरून
जुवारी पार केली असेल, तरीला दिवा न लावता.
आणि कुणीतरी याच गावात मागे राहिले,
नवे नाव घेऊन, त्याच विहिरीचे पाणी पीत.
ते आम्ही दोघींनीही उच्चारले नाही.
तिने फक्त गजरा थोडा बाजूला सरकवला,
झाकण नीट उघडावे म्हणून.

"जहाजावर असेच झाले होते," ती म्हणाली,
"एडनच्या पुढे. तार तुटली, नेमकी सोलची.
बँडमास्तर डोळे वटारतोय, माणसे नाचताहेत.
मी घातला रे बेमोल.
सॅक्सोफोनवाला वळून असा बघायला लागला
जसा मी त्याचा खिसा कापला, आणि त्याला आवडला."
मग खोकली बराच वेळ.
"पण सारखा नाही घालायचा हां. हिंग आहे तो."

रे, रे बेमोल, दो.
अर्धी अर्धी पायरी, अंधारात जिना उतरताना
टाच चाचपत खाली जाते तशी.
संध्याकाळपर्यंत तेवढेच.
तिने एकदाही शाबास म्हटले नाही.
एकदा उठून स्वयंपाकघरात गेली, तिथून ओरडली,
"फा सोडलास!"

सोमवारी देवळात, भजन संपता संपता,
मी ठरवले नव्हते,
पेटीवर बोट गेले.
सगुणबाबाने पखवाजावरून मान उचलली,
थाप चुकवली नाही.
म्हाताऱ्या गात राहिल्या, त्यांना काय,
त्यांचे सूर तेच होते.
नंतर चपला शोधताना त्याने विचारले,
"पेटीत पाणी शिरलेय काय?"
मी म्हटले, बघते.

घरच्या पेटीत सोल शाबूत आहे.
कधी कधी दाबून बघते,
भात्यातला वारा संपेपर्यंत.
चांगला आहे. काही तक्रार नाही.